खोक्यावरची अक्षरं आणि डिस्कमधला आवाज



इंदूरच्या महाराणी रोडवर होम थिएटर घ्यायला गेलं की कानावर पहिल्यांदा आकडेच पडतात. पाच पॉइंट एक, दोन हजार वॅट, फोर के अपस्केलिंग, डॉल्बी, डीटीएस. खोकं घरी येतं, तारा जोडल्या जातात, दिवाणखाना दणाणून जातो आणि आठवडाभरात घरातली आजी म्हणते, "धाडधाड ऐकू येतं रे, पण बोलतात काय ते कळत नाही." रामबागेपासून लोकमान्य नगरपर्यंत कितीतरी मराठी घरांत ही तक्रार मी ऐकली आहे. आजींच्या कानांत काही दोष नसतो. खोक्यावरच्या अक्षरांचा अर्थ त्या घरात कुणी समजावून सांगितलेला नसतो, एवढंच.

ही अक्षरं वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवावा: हे डिस्कवर नोंदलेलं आहे, की यंत्र आपल्या मनाने त्यात भर घालतं आहे?

सुरुवात वॅटपासून करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बरेचदा पीएमपीओचा असतो. क्षणाच्याही अंशापुरती यंत्राने किती उसळी मारली, त्याचा हा आकडा. तो कसा मोजायचा याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, त्यामुळे तो हवा तितका फुगवता येतो. बघायचा तो आरएमएसचा आकडा, म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकतं तो. दुकानात यंत्र पाठमोरं करा. मागे वीजवापराची छोटी पट्टी असते: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 60 वॅट, अशी काहीतरी. भिंतीतून 60 वॅट घेणारं यंत्र सतत 2000 वॅट बाहेर टाकूच शकत नाही. आणि आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे 40 वॅट आणि 50 वॅट यांतला फरक आपल्या बैठकीच्या खोलीत जेमतेम जाणवेल. त्या फरकासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाच पॉइंट एक. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे किंवा बाजूला दोन, असे पाच स्पीकर. पॉइंट एक म्हणजे सबवूफरची वेगळी वाट. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. या वाटेने त्यांतले फक्त खालचे, सुमारे 120 हर्ट्झपर्यंतचे आवाज जातात, म्हणून तिला पूर्ण एक न म्हणता पॉइंट एक म्हणतात. पाच पॉइंट एक पॉइंट दोन असं लिहिलेलं असेल तर शेवटचे दोन स्पीकर आवाज वरून आणण्यासाठी. ही अ‍ॅटमॉसची पद्धत 2012 साली चित्रपटगृहांत आली आणि पुढे घरांत पोचली.

आजींचं दुखणं या पाचांतल्या मधल्या स्पीकरशी आहे. चित्रपटातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या सभागृहात सानंद संस्थेच्या नाट्यप्रयोगाला बसलो की नटाचा शब्द जिथे त्याचा चेहरा दिसतो तिथूनच येतो. पडद्यावर तेच काम मधल्या स्पीकरचं. आणि आपण काय करतो? त्याला टीव्हीखालच्या कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या मागे ढकलून देतो, शोभेला पुढे एखादी फ्रेम ठेवतो. त्याला फळीच्या अगदी कडेवर आणा, तोंड किंचित वर, बसणाऱ्याच्या कानाकडे करा. मग रिमोटवर स्पीकर सेटिंगमध्ये जाऊन मधल्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. तिथेच नाइट मोड किंवा डीआरसी असं काही सापडेल. त्याने मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात. रात्री शेजाऱ्यांना त्रास न देता शब्द न् शब्द कळतो. पैशाचा खर्च शून्य.

दुसरी नेहमीची तक्रार, मागचे स्पीकर मुके असतात. आधी डिस्कच्या वेष्टनाची मागची बाजू वाचा. तिथे डॉल्बी डिजिटल 2.0 लिहिलेलं असेल तर मागच्या स्पीकरसाठी डिस्कवर काही नोंदलेलंच नाही. पण 5.1 लिहिलं असूनही मागे शांतता असेल, तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये दोन शब्द शोधा: पीसीएम आणि बिटस्ट्रीम. पीसीएम म्हणजे प्लेअरने आवाज स्वतः उलगडून पुढे दिला, बिटस्ट्रीम म्हणजे बांधलेलं गाठोडं तसंच्या तसं अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडलं. ऑप्टिकल तारेतून उलगडलेले दोनच मार्ग जाऊ शकतात, गाठोडं मात्र सहाही मार्गांसकट जातं. म्हणून ऑप्टिकल तार असेल तर बिटस्ट्रीम ठेवायचं. एचडीएमआयमधून दोन्ही जातात. एचडीएमआयच्या ज्या छिद्राशेजारी एआरसी लिहिलेलं असतं, तिथून टीव्हीचा आवाज उलटा अ‍ॅम्प्लिफायरकडे येतो. ती तार त्याच छिद्रात हवी, शेजारच्यात नको.

पण श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात मारधाडीच्या चित्रपटांपेक्षा गाणीच जास्त असतात. लताबाईंचा जन्म 28 सप्टेंबर 1929 चा, याच शहरातला. उस्ताद अमीर खाँ याच शहराचे. शहराबाहेर पिगडंबरला लताबाईंच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे. तिथल्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावतं आणि ते मोनो असतं, म्हणजे आवाजाचा एकच मार्ग. 1949 च्या 'महल' चित्रपटातलं लताबाईंचं गाणंही मोनोच. आज ते सीडीवर ऐकताना कुणी हॉल, स्टेडियम, कॉन्सर्ट अशी बटणं दाबली, तर यंत्र त्या एका मार्गातून पाच मार्ग बनवतं आणि खोटा घुमारा चढवतं. मला हे सहन होत नाही. कोवळ्या लताबाईंचा आवाज, मागचा वाद्यमेळ, त्यांच्यातलं अंतर ध्वनिमुद्रकाने जीव ओतून राखलेलं असतं, ते एका बटणाने विस्कटतं. अशा वेळी स्टीरिओ किंवा डायरेक्ट हे बटण शोधावं. मोनो गाणं तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखं येतं आणि बरोबर मधोमध उभं राहतं.

जुन्या सीडीच्या पाठीवर कधी एएडी, एडीडी किंवा डीडीडी अशी तीन अक्षरं छापलेली दिसतात. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं संपादन आणि मिश्रणाचं, तिसरं सीडीची मूळ प्रत बनवण्याचं. ए म्हणजे अ‍ॅनालॉग, डी म्हणजे डिजिटल. तिसरं अक्षर सीडीवर डीच असणार. खाँसाहेब 1974 च्या फेब्रुवारीत गेले, सीडी बाजारात आली 1982 मध्ये. त्यांच्या गाण्याच्या डिस्कवर ही अक्षरं असतील तर पहिलं ए असणार. ए दिसला म्हणून ती सीडी खाली ठेवू नका. टेपेची बारीक सळसळ ऐकू येईल, पण त्या सळसळीसकट खाँसाहेबांचा विलंबित ख्याल शाबूत असतो. ती सळसळ फार घासून काढली की बरेचदा तानपुऱ्याची जवारीही तिच्याबरोबर जाते.

चित्राच्या बाबतीतही तोच सुरुवातीचा प्रश्न. व्हीसीडीच्या एका चित्रात सुमारे एक लाख ठिपके, डीव्हीडीत सव्वाचार लाखांच्या आतबाहेर, फुल एचडी ब्ल्यू-रेमध्ये वीस लाखांवर आणि फोर के पडद्यावर त्र्याऐंशी लाखांच्या आसपास. डीव्हीडी फोर के टीव्हीवर लावली की उरलेले ठिपके यंत्र अंदाजाने भरतं, त्यालाच अपस्केलिंग म्हणतात. चित्र नितळ दिसतं, पण डिस्कवर नव्हतं ते कुठून येणार? प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. ते चित्र जवळजवळ चौकोनी होतं. पट्ट्या घालवायला चित्र ताणलं की तुकोबा आडवे होतात, झूम केलं की डोकं कापलं जातं. पट्ट्या राहू द्याव्यात.

अमेरिकेतल्या लेकीने आणलेली डीव्हीडी इथे लागत नसेल तर वेष्टनावरच्या पृथ्वीच्या चित्रातला प्रदेशाचा आकडा पाहा. तिकडचा 1, आपला 5. ब्ल्यू-रेला तिकडे ए, इकडे सी. फोर के ब्ल्यू-रेच्या डिस्कवर मात्र ही प्रदेशबंदी नाही, म्हणून कुणाला मागवायचीच असेल तर ती मागवावी, आणि आपला प्लेअर फोर के ब्ल्यू-रे वाजवतो ना, एवढं आधी पाहून घ्यावं.

दुकानात जाताना घरची एक सीडी बरोबर न्या, शंभरदा ऐकलेली. दुकानदाराला सगळे इफेक्ट बंद करून स्टीरिओवर लावायला सांगा. तानपुरा शेवटपर्यंत वेगळा ऐकू येतो का, गायकाचा आवाज मधोमध राहतो का, शब्दातला श आणि स टोचत नाही ना, एवढं पाहा. मग त्याला त्याचा स्फोटांचा चित्रपट लावू द्या, सबवूफरही तपासायचा असतोच.