ठोका यंत्राचा, गाऱ्हाणं माणसाचं

आम्ही सांगवीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. मागच्या वेळी शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो होतो. आज एका गाण्यावर बोलणार आहोत. हसू नका, गाण्यावरून आमच्यात चांगलीच वादावादी झाली, म्हणून सांगतोय.

गटाची बैठक संपत आली होती. हप्ते मोजून झाले, वही मिटली. तेवढ्यात एका वहिनींच्या कॉलेजातल्या मुलीनं मोबाइलवर गाणं लावलं. ‘द वारली रिव्होल्ट’ त्याचं नाव, म्हणजे वारल्यांचं बंड. मुंबईतल्या ‘स्वदेसी’ नावाच्या पोरांच्या गटानं ते २०१९ साली काढलं. पुढं त्यांचा ‘चेतावनी’ हा अल्बमही आला. हे रॅप गाणं आहे. रॅप म्हणजे चाल लावून गाण्यापेक्षा ठेक्यावर झपाझप बोलणं. आणि ठेका ढोलकीचा नाही, संगणकावर बनवलेला.

पहिल्यांदा ऐकून आक्का म्हणाल्या, “हे गाणं हाय का गिरणीचा पट्टा तुटला?” सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाल्या, “गटात राजकारण नको बाई, आपलं कर्ज, आपली बचत बरी.” पोरी म्हणाल्या, “ठेका भारी आहे.” अशी तीन तोंडं तीन दिशांना. शहरातल्या वर्तमानपत्रांनी या गाण्याची दखल घेतली, कौतुकही केलं. पण आम्ही ठरवलं, दुसऱ्यांनी नावाजलं म्हणून नावाजायचं नाही आणि आवाज मोठा म्हणून नाकं मुरडायची नाहीत. गाणं तीनदा ऐकायचं, मग बोलायचं.

दुसऱ्या वेळी आम्ही एकच बघितलं, बोलतंय कोण? या गाण्यात प्रकाश भोईर आहेत. मुंबईत गोरेगावजवळ आरे वसाहत आहे, तिथल्या केलटी पाड्यावरचे ते वारली कलावंत. जंगल गेलं तर ज्याचं घर जाईल, तोच माणूस गाण्यात बोलतो. शहरातल्या पोरांनी त्याच्या वतीनं सगळं बोलून टाकलं नाही, त्याला जागा दिली. हे आम्हाला फार आवडलं. आपल्या नावावर बोलणारे पुष्कळ असतात, आपल्या हातात माईक देणारे थोडे.

तिसऱ्या वेळी यंत्राच्या ठोक्याचंही कोडं सुटलं. पोरगी म्हणाली, “आक्का, तुमच्या जात्याची घरघर पण यंत्राचीच की!” खरंच आहे. जात्याच्या फेऱ्यावर बाईनं सासरचं दुःख सांगितलं, दुष्काळ सांगितला, बाबासाहेबांचं नाव घेतलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर येतात, आवाजासकट ऐकता येतात. तेव्हा बाईच्या गाण्यात जगण्याचं गाऱ्हाणं कायमच होतं. फक्त ते उंबऱ्याच्या आत होतं, म्हणून त्याला कुणी राजकारण म्हटलं नाही.

आता आम्हाला खटकलं तेही सांगतो. या गाण्यात ठळक आवाज सगळे पुरुषांचे. आणि वारल्यांच्या खऱ्या बंडात तर बायका होत्या. १९४५ साली तलासरी-डहाणू भागात वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांच्यात राहून काम करणाऱ्या गोदावरी परुळेकर या पुण्यात जन्मलेल्या बाई. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बंडाचं नाव घ्यायचं, तर बाईचा आवाज ठळक पाहिजे होता, असं आमचं मत झालं.

मग काकूंनी खरा प्रश्न विचारला, “गाण्यानं झालं काय?” उत्तर कडू आहे. गाणं आलं त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. गाण्यानं कुऱ्हाड थांबत नाही. पण केलटी पाडा कुठं आहे हे आम्हाला सांगवीत बसून कळलं, ते गाण्यामुळंच.

काकूंची भीतीही खोटी नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याच राज्यात दोन तरुण रॅप गायकांवर राजकीय गाण्यांवरून पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. आपल्या सामुदायिक रेडिओवरही राजकीय प्रचार चालत नाही, आणि तो आम्हाला करायचाही नाही. कुणाला मत द्या, हे पक्षाचं राजकारण. प्यायला पाणी कसलं मिळतं, हे विचारणं जगण्याचं. ते विचारायला कुणाची परवानगी लागते?

पाण्याचा विषय निघाला आणि सगळ्या गप्प झाल्या. नीरा आपल्या दारातून वाहते. तिच्या पाण्याचा रंग बदलतो, वास येतो, हे धुणं घेऊन जाणाऱ्या बाईला आधी कळतं. आक्कांनी तिथंच नदीवर एक ओवी रचली, पोरीनं मोबाइलवर ठेका लावला. पहिल्यांदा ताळमेळ बसेना, आक्का पुढं आणि ठेका मागं. चौथ्या खेपेला जमलं. मघाशी गिरणी म्हणणाऱ्या आक्काच म्हणाल्या, “अजून एकदा लाव.”

पण गाणार कोण? काकूंचा मुलगा ज्या ठिकाणी कामाला जातो, तिथं हे आवडायचं नाही. “माझं नाव घेऊ नका,” त्या म्हणाल्या. त्यांना आम्ही भित्री म्हटलं नाही. ज्या घरात एकच पगार येतो, त्या घरातलं भय आम्ही ओळखतो. म्हणून ठरलं, एकीनं गायचं नाही, सगळ्यांनी मिळून गायचं आणि नाव फक्त गटाचं. मग काकूही गायल्या, सगळ्यांत मोठ्यानं.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एक नवं गाणं लावा. तीन प्रश्न विचारा: बोलतंय कोण? कुणाचा आवाज राहून गेला? हे आपल्या गावात कुठं दिसतं? आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ओवीत बांधून रेडिओ केंद्रावर पाठवा. चाल जुनी असू द्या नाहीतर ठेका नवा, ऐकायला आम्ही बसलोच आहोत.