कागदाच्या घडीतले पशुपक्षी



लोधीखेड्याची पोरे वहीचे पान फाडून होडी करतात, विमान करतात आणि घरी बोलणी खातात. आज आम्हांला त्यांची वकिली करावयाची आहे.

कागद प्रथम चीनने केला. त्याचे मराठी नाव आले फारसीतून. पण कागद दुमडून पशुपक्षी घडविण्याचा खरा नाद जपानचा. क्योतो येथे १७९७ साली क्रौंच पक्ष्यांवर एक पुस्तक निघाले. एकाच कागदाला काप देऊन, चोचीला चोच वा पंखाला पंख जोडलेले क्रौंच करण्याचे ४९ प्रकार त्यात आहेत. एरवी बहुतेक घड्या आईकडून लेकराकडे, हातोहात चालत आल्या. अशा विद्येत एक खोट असते. हात थांबला की घडीही गेली.

यावर उपाय काढला अकिरा योशिझावा यांनी. हे तोक्योच्या एका कारखान्यातले कामगार. पुढे नवख्या कामगारांना भूमिती शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि ती ते कागदाच्या घड्या घालून शिकवीत. (आम्हां मास्तरांना हा तपशील विशेष गोड वाटतो!) १९३७ साली त्यांनी नोकरी सोडली, दारिद्र्य सोसले, पण नाद सोडला नाही. १९५२ साली एका सचित्र नियतकालिकाने त्यांच्याकडून जपानी वर्षचक्रातले बारा प्राणी करवून घेतले. त्यांत उंदीर, वाघ, ससा आहेत. आपला बैलही आहे. १९५४ च्या पुस्तकात त्यांनी तुटक रेषा आणि बाण यांची लिपी दिली: घडी आत कुठे, बाहेर कुठे, कागद कोणीकडे वळवावा. तीच पुढे थोड्याफार फरकाने जगभर चालू झाली. जपानीचे अक्षर न येणारे पोरही आता जपानी बेडूक करू शकते.

तरी पाहा, २००५ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नमुन्यांची संख्या पन्नास हजारांवर असल्याचा अंदाज होता. आकृत्या राहिल्या काही शेकड्यांच्याच.

आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी पंख हलविणारा कागदी पक्षी असंख्य शाळांत नेला. १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमाशीही त्यांचा संबंध होता. म्हणजे ही गोष्ट फार दूरची नाही.

संस्थेला आमची मागणी लहान आहे. वाचनालयात एक कोरी वही ठेवावी. ज्या घरात आजीला एखादा पक्षी, एखादा मासा करता येतो, त्यांनी त्याच्या घड्या तीत काढून ठेवाव्यात. बैलाचे पान आम्ही घेतो. मात्र शिंगे ज्यांना साधत असतील त्यांनी पोळ्याआधी शाळेत यावे.