पाईपलाईन, ग्रामपंचायत आणि एकवीस दिवस

(नाचणगाव, जिल्हा वर्धा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज जो विषय आपणांपुढे मांडावयाचा आहे तो ऐकण्यास रुक्ष आहे. जमिनीखालून जाणारी तेलाची किंवा वायूची पाईपलाईन, तिच्यासंबंधीचा कायदा, आणि त्या कायद्यापुढे आपल्या ग्रामपंचायतीचा अधिकार किती, हा तो विषय होय. पुष्कळांस वाटते की हे सरकारचे आणि कंपनीचे काम. दोन एकरांच्या कास्तकाराचा किंवा बटईदाराचा त्याच्याशी संबंध काय? माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्याच्याजवळ पन्नास एकर आहेत त्याच्या शेतातून वाहिनी गेली तर त्याच्या जमिनीचा एक पट्टा अडकतो. ज्याच्याजवळ दोनच एकर वावर आहे त्याच्या विहिरीची जागा, झाडाची जागा आणि उद्याच्या घराची जागा, या सर्वांचा निकाल एकदम लागतो. म्हणून हा कायदा लहान माणसाने आधी समजून घेतला पाहिजे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. गेल या केंद्र सरकारच्या कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही वायुवाहिनी सुमारे १,७५० किलोमीटर लांबीची आहे. तिचा मुंबई ते नागपूर हा टप्पा बहुतांशी समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यातून नेलेला आहे, आणि तो महामार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो. महामार्गाची जमीन आधीच संपादित झालेली असल्यामुळे तेथे शेतकऱ्याशी नव्याने झगडा करण्याचे कारण फारसे उरले नाही. परंतु मुख्य वाहिनीला शाखा फुटतात, आणि शाखा महामार्ग पाहून जात नाहीत, गिऱ्हाईक पाहून जातात. त्यांची वाट लोकांच्या शेतांखालून असते. यास्तव खुणेचे खुंट शिवारात येण्यापूर्वीच कायदा ठाऊक असावा, हे बरे.

पहिला प्रश्न असा की, ग्रामपंचायत ठराव करून पाईपलाईन थांबवू शकते काय? उत्तर स्पष्ट आहे, नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ५३ व्या नोंदीत पेट्रोलियमचा विषय केंद्राकडे दिलेला आहे. नैसर्गिक वायूही त्यातच मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले आणि गुजरात राज्याने २००१ साली केलेला वायूविषयक कायदा त्या मर्यादेत टिकला नाही. पुढे तामिळनाडू सरकारने २०१३ साली, पश्चिमेकडील सात जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची बाजू घेऊन, वायुवाहिनी शेतांतून न नेता महामार्गाच्या कडेने न्यावी असे फर्माविले. मद्रास उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्याची बाजू मान्य केली नाही. जे राज्य सरकारला जमले नाही ते पंचायतीला कसे जमणार? पंचायतीसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत ‘इंधन व चारा’ आहे, पेट्रोलियम नाही.

याचे दुःख मानावे काय? येथे आपण क्षणभर थांबून विचार करावा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांस खडसावले होते, आणि मसुद्याने गाव न धरता व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्यांच्या बोलण्यामागे आपल्या पूर्वजांचा अनुभव उभा होता. वाहिनी कोणाच्या शेतातून जावी हे ठरविण्याचा संपूर्ण अधिकार गावाच्या हाती दिला असता तर काय झाले असते, याची कल्पना करा. ती मोठ्या बागाईतदाराच्या संत्र्याच्या बागेतून गेली असती की आपल्या वस्तीच्या मागच्या तुकड्यातून? कायद्याने हरकतीचा हक्क गावाला दिला नाही, तो प्रत्येक हितसंबंधी व्यक्तीला दिला. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने ही उणीव नव्हे, ते संरक्षण होय. मात्र जो हक्क व्यक्तीचा आहे तो व्यक्तीनेच बजावावा लागतो. दुसरा कोणी आपल्याकरिता तो बजावीत नाही.

आता तो कायदा पाहू. त्याचे नाव पेट्रोलियम व खनिज पाईपलाईन, म्हणजे जमिनीतील वापर हक्क संपादन करण्याबाबतचा कायदा, सन १९६२. या कायद्याने सरकार प्रथम जमीन घेत नाही, जमिनीखालून वाहिनी नेण्याचा वापर हक्क घेते. मालकी आपलीच राहते, सातबारावर नाव आपलेच राहते. कलम ३ प्रमाणे राजपत्रात अधिसूचना निघते. कलम ५ प्रमाणे जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणासही एकवीस दिवसांत लेखी हरकत घेता येते. हरकत घेणाऱ्याचे म्हणणे स्वतः किंवा वकिलामार्फत ऐकून घेणे सक्षम प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर कलम ६ प्रमाणे घोषणा होते. अधिसूचनेपासून एका वर्षाच्या आत ही घोषणा झाली नाही तर अधिसूचना आपोआप संपते.

हे एकवीस दिवस म्हणजे या कायद्याचा प्राण आहे. ते गेले म्हणजे हरकत गेली, आणि पुढे उरतो तो केवळ भरपाईचा वाद. तोंडी विरोध, मोर्चा, साहेबांच्या गाडीसमोर उभे राहणे, यांपैकी काहीही लेखी हरकतीची जागा घेत नाही. एक साधा अर्ज, त्यात गट क्रमांक, हरकतीची कारणे, सही किंवा अंगठा, आणि पोच घेतलेली दुसरी प्रत. एवढ्याने हक्क जिवंत राहतो.

हरकत कोणत्या कारणांवर घ्यावी? कलम ७ पाठ करून ठेवण्यासारखे आहे. अधिसूचनेच्या लगतपूर्वी जी जमीन राहण्यासाठी वापरात होती, जिच्यावर कायम स्वरूपाचे बांधकाम होते, किंवा जी राहत्या घराला लागून त्याच्याच उपयोगाची होती, तिच्याखालून वाहिनी नेता येत नाही. जमिनीच्या पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवरही ती टाकता येत नाही. परंतु घर आहे हे सिद्ध कशाने होईल? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंदीने आणि घरटॅक्सच्या पावतीने. ज्या घराची नोंद नाही ते घर मोजणीच्या नकाशावर दिसत नाही. येथे पंचायतीची खरी शक्ती आहे. तिला वाहिनी अडविता येत नाही, पण तिच्या वहीतील एक ओळ घर वाचविते.

वाहिनी गेल्यावर काय करता येते आणि काय करता येत नाही, हे कलम ९ सांगते. पूर्वीप्रमाणे कापूस, तूर, सोयाबीन पेरता येते. त्या पट्ट्यात घर किंवा कोणतेही बांधकाम करता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. ज्यांना पुढे त्याच तुकड्यावर घरकुल बांधावयाचे आहे त्यांनी ही गोष्ट आजच ध्यानी घ्यावी.

आता भरपाई. कलम १० प्रमाणे तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग प्रत्यक्ष नुकसानीचा : उभे पीक, तोडलेली झाडे, जमिनीचे तात्पुरते तुकडे पडणे, कमाईला पोचलेली इजा. दुसरा भाग वापर हक्काचा : अधिसूचनेच्या दिवशी जमिनीची जी बाजारभावाने किंमत असेल तिच्या दहा टक्के. समजा, पट्टा वीस आर आहे आणि भाव हेक्टरी पंचवीस लाख आहे. तर त्या पट्ट्याची किंमत पाच लाख आणि दहा टक्के म्हणजे पन्नास हजार रुपये. नुकसानीची रक्कम याहून वेगळी. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरविलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो.

या कलमातील एका वाक्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. दहा टक्क्यांची रक्कम मालकाला तर मिळतेच, शिवाय जमिनीच्या उपभोगाचा हक्क ज्याचा कोणत्याही प्रकारे बाधित झाला अशा अन्य व्यक्तीलाही ती देय आहे. मक्त्याने किंवा बटईने वावर वाहणारा मनुष्य या शब्दांत बसतो. परंतु शेतमालक साक्ष देईलच असे नाही. म्हणून मक्त्याचा कागद करावा, पिकपेऱ्यात आपली नोंद लावून घ्यावी, बियाणे-खतांच्या पावत्या जपाव्यात. गायरान वाहणाऱ्यांची स्थिती याहून नाजूक आहे, कारण त्यांच्यापाशी हक्काचा कागद नसतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली ती याच कागदासाठी. ते काम अपुरे आहे, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय भरपाईच्या रांगेत आपला क्रमांक लागणे कठीण आहे.

दहा टक्के थोडे आहेत, अशी तक्रार गुजरातच्या शेतकऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेली होती. २०१६ च्या निकालाने कायदा वैध ठरविला, आणि त्याबरोबरच भरपाई ठरविणारा सक्षम प्राधिकारी हा न्यायिक पदाचा किंवा कायद्याच्या शिक्षणाचा अनुभव असलेला असावा, असे म्हटले. आपले प्रकरण ऐकणारा अधिकारी कोण, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

मग पंचायतीने स्वस्थ बसावे काय? अमेरिकेतील बेलिंगहॅम शहरात १० जून १९९९ रोजी पेट्रोलची वाहिनी फुटून भडका उडाला आणि दहा वर्षांची दोन मुले व अठरा वर्षांचा एक तरुण मृत्यू पावले. तेथेही वाहिनीच्या सुरक्षिततेचा कायदा केंद्राच्याच हाती होता. परंतु शहराच्या रस्त्यांखालून जाण्यास नगरपालिकेची परवानगी लागत असे, आणि तिच्या आधारे नगरपालिकेने तपासणीच्या अटी करारात घालून घेतल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशात नगरम गावी २७ जून २०१४ रोजी वायुवाहिनीच्या स्फोटात वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी पूर्वीच केली होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. तक्रार हवेत राहते. पंचायतीच्या आवक-जावक नोंदीतील तक्रार राहत नाही. भडका म्हणजे काय हे या परिसराला शिकवावे लागत नाही. ३० व ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली तेव्हा आसपासच्या गावांनी अंधारातच घरे सोडली होती.

तेव्हा पंचायतीकडे मागणी करावी ती अशी. अधिसूचनेचा मजकूर मराठीत चावडीवर आणि आपल्या वस्तीतही लावावा, दवंडी द्यावी. गावरस्ता खोदताना तो पूर्ववत करण्याची लेखी हमी घ्यावी. वाहिनीचा नकाशा व तातडीचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयात ठेवावा. बांधकामाची परवानगी देताना तो नकाशा पाहावा. मोठ्या वाहिनीतील वायूला पुष्कळदा वास नसतो. म्हणून पट्ट्यात पीक अकारण वाळणे, शिट्टीसारखा आवाज, साचलेल्या पाण्यात बुडबुडे, या खुणा सर्वांना सांगाव्यात, आणि अशी खूण दिसताच आग व वाहने दूर ठेवून कळवावे.

पंचायतीत आपल्यासाठी राखीव जागा आहेत. १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत, म्हणून धर्मांतराने त्या जागांवरील आपला हक्क सुटलेला नाही. तेथे बसलेल्या आपल्या प्रतिनिधीला विचारा की नमुना ८ मध्ये वस्तीतील प्रत्येक घर आहे काय. नसेल तर येत्या ग्रामसभेत तो विषय लेखी द्या, आणि घरी जाऊन आज रात्रीच सातबारा, पिकपेरा व घरटॅक्सची पावती एका पिशवीत एकत्र ठेवा. अधिसूचना आली म्हणजे कागद शोधण्यात एकवीस दिवसांपैकी एकही दिवस खर्ची पडू नये.