वकिलाची वही कुणाची?

कोर्टाने सांगितलं, 'कागद दे', आणि वकील म्हणाला, 'देत नाही'. मग काय होतं? आजची गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची.

७ फेब्रुवारी १९४३. डेलावेअर नदीत 'जे. एम. टेलर' नावाची टगबोट बुडाली. टग म्हणजे मोठ्या बोटी ओढणारी छोटी, पण दणकट बोट. नऊ खलाशांपैकी पाच गेले. तीनच दिवसांत मालकांनी वकील नेमला. मार्चमध्ये सरकारी चौकशी झाली, वाचलेल्या चौघांच्या साक्षी सर्वांसमोर नोंदवल्या गेल्या. नंतर वकिलाने त्या चौघांना स्वतंत्रपणे भेटून लेखी जबाब घेतले. आणखी काही लोकांशीही तो बोलला, टिपणं काढली.

पाचपैकी चार दावे आपसात मिटले. पाचवा कोर्टात गेला. तोच हा 'हिकमन विरुद्ध टेलर' खटला.

आता अमेरिकेत 'डिस्कव्हरी' नावाची पद्धत आहे. खटला उभा राहण्याआधीच दोन्ही बाजूंनी एकमेकांना माहिती द्यायची, म्हणजे ऐनवेळी कुणी पत्ते लपवून खेळायला नको. हिकमनच्या बाजूने मागणी आली: ते सगळे जबाब द्या, आणि लोक तोंडी काय बोलले तेही लिहून द्या.

वकिलाने नकार दिला. खालच्या कोर्टाने आदेश काढला, तरीही नकारच! मग कोर्टाने वकील आणि मालक दोघांनाही अवमानाबद्दल दोषी धरलं. आदेश पाळेपर्यंत तुरुंग!

इथे एक गंमत बघा. फेडरल कोर्टात डिस्कव्हरीच्या आदेशावर सहसा लगेच अपील करता येत नाही. आणि एकदा कागद समोरच्याने वाचले, की नंतर अपील जिंकून उपयोग काय? म्हणून कधीकधी अवमान ओढवून घेणं हाच वरच्या कोर्टाचा दरवाजा ठरतो. पण जोखीम मोठी. वरचं कोर्ट म्हणालं 'आदेश बरोबर होता', तर शिक्षा भोगा.

इथे अपील कोर्टाने आदेश फिरवला. १९४७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. निकाल लिहिला न्या. फ्रँक मर्फी यांनी. मुद्दा साधा: घडलेल्या गोष्टी लपवता येणार नाहीत, त्या विचारा, उत्तर मिळेलच. पण वकिलाने तयारीसाठी केलेलं काम नुसतं मागितलं म्हणून मिळणार नाही. चौकशीतल्या साक्षी उपलब्ध होत्या, साक्षीदार हयात होते. जा, भेटा, विचारा!

मात्र दार पूर्ण बंद नाही. साक्षीदार वारला किंवा सापडतच नाही, अशी खरी गरज दाखवली, तर लेखी जबाब मिळू शकतो. तोंडी ऐकलेलं वकिलाकडून लिहून घेणं मात्र कोर्टाला फारच धोक्याचं वाटलं, कारण मग वकीलच साक्षीदार होऊन बसतो.

बुडालेल्या माणसाच्या घरच्यांना सत्य कळायला हवं, हे खरंच. पण आपली वही उद्या समोरचा वाचणार असेल, तर वकील काही लिहीलच कशाला? आणि मग उद्या त्याच घरच्यांच्या वकिलाची वही तरी कोण वाचवणार?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!