ब्रूनो टाउट : श्रमिकांच्या घरांचा वास्तुशिल्पी



वास्तुकलेचा इतिहास बहुधा राजवाड्यांचा आणि देवालयांचा म्हणूनच सांगितला जातो. ब्रूनो टाउट (१८८०–१९३८) या जर्मन वास्तुशिल्पीचे मोठेपण मात्र सामान्यांच्या भाड्याच्या घरांत आहे.

बर्लिनचा कामगार त्या काळी अंधाऱ्या, कोंदट इमारतींत दाटीवाटीने राहत असे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने प्रत्येक जर्मनास आरोग्यदायी निवासाचे आश्वासन दिले. पण त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? प्रचंड चलनवाढीमुळे जुन्या घरमालकांची कर्जे आपोआप फिटली होती. १९२४ साली या मालकांवर कर बसविण्यात आला व त्यातून नव्या घरांसाठी निधी उभा राहिला. त्याच वर्षी कामगार संघटनांच्या पुढाकाराने ‘गेहाग’ ही गृहनिर्माण संस्था निघाली आणि टाउट तिचा प्रमुख वास्तुशिल्पी झाला.

१९२५ पासून मार्टिन वाग्नरच्या साथीने त्याने ब्रिट्झ येथे घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत उभारली. मध्ये तळे, भोवती तीन मजली घरे, घरांमागे बागा. नक्षीकाम परवडणारे नव्हते. रंग स्वस्त होता. म्हणून भिंतींना तांबडा, निळा, पिवळा रंग आला. बर्लिनमध्ये त्याच्या आराखड्यांनुसार सुमारे १०,००० घरे झाली. तरीही सर्वांत गरीब मजुराला त्यांचे भाडे पेलत नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच टाउटला देश सोडावा लागला. जपानमार्गे तो तुर्कस्तानात गेला व इस्तंबूल येथे निवर्तला.

१९९८ मध्ये बर्लिनने गेहागमधील आपला मोठा हिस्सा खाजगी भांडवलाला विकला. २००८ मध्ये ब्रिट्झची वसाहत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. भिंतींना संरक्षण मिळाले. ज्या सामाजिक मालकीने त्या उभ्या केल्या, तिला मात्र मिळाले नाही.