जुनी गाडी, मोकळा ट्रॅक

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड आणि हॅमिल्टनच्या दरम्यान हॅम्प्टन डाउन्स नावाचा ट्रॅक आहे. तिथे हौशी चालक स्वतःची गाडी घेऊन येतात. त्यांच्यासाठी ती शर्यत नसते, गाडी मनसोक्त पळवायची, एवढंच. जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या या देशात मुबलक. त्यातली टोयोटा अल्टेझा, 1998 साली आलेली, मागच्या चाकांवर चालणारी सेडान, या हौसेला फार शोभते.

गाडी ट्रॅकसाठी तयार करताना सुरुवात कुठून करायची? नवखे थेट इंजिनाला हात घालतात. माझं मत ठाम आहे: आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ट्रॅकवर वारंवार जोरात ब्रेक दाबला की ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय पॅडलसकट तळाला जातो. म्हणून ताजं ऑइल आणि उष्णता सोसणारे ब्रेक पॅड हवेतच. मग टायर, शॉकॲब्सॉर्बर, रेडिएटर.

तीच गाडी रस्त्यावरही चालवायची, तर मोठ्या बदलांना न्यूझीलंडमध्ये खास प्रमाणपत्र लागतं. त्या प्रमाणपत्राची पट्टी गाडीवर बसवतात. आणि हो, ट्रॅकवरून घरी निघण्यापूर्वी चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या.