चाकांवरचे घर आणि गारवा

अमेरिकेत चाकांवरचे घर घेऊन महिनोन्‌महिने हिंडणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हाळ्यात अशा घराच्या छपरावरील वातानुकूलन यंत्र ही काही चैन नव्हे. आणि जेथे विजेची तार नाही तेथे ते हाती उचलून नेता येणाऱ्या जनित्रावर पुष्कळदा चालवावे लागते.

१३,५०० बीटीयूचे यंत्र चालू असता साधारणपणे दीड हजार वॅट वीज घेते. मग दोन हजार वॅटचे जनित्र पुरेल, असे गणित कोणीही मांडील. परंतु थांबलेला काँप्रेसर फिरू लागतो त्या क्षणी ही मागणी दुपटीच्या घरात जाते. रुतलेली गाडी हलवायलाच अधिक जोर लागतो, तसेच हे. काँप्रेसरला हळूहळू गती देणारे उपकरण बसविल्यास हा भार पुष्कळ उतरतो. उंचीचाही विचार हवा. हवा विरळ होते तशी दर हजार फुटांमागे जनित्राची शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी घटते. ५,२८० फुटांवरील डेन्व्हरला दोन हजारांचे जेमतेम सतराशे उरतात.

खरा धोका मात्र धुराचा. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. खिडक्या लावून निजलेल्या माणसांना तो जागे करीत नाही. म्हणून जनित्र घरापासून निदान २० फूट दूर असावे, धुराचे तोंड घराकडे नसावे आणि आत या वायूची सूचना देणारी घंटा असावी. वॅटचा हिशेब चुकला तर रात्र उकाड्यात जाईल. हा हिशेब चुकला तर सकाळच उजाडणार नाही.